रत्नावहिनी, तुम्ही आमच्या दारात पाणी मागितलंत

रत्नावहिनी,

तुम्ही गेल्यानंतरचा पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी एका साडीला फॉल लावत बसले होते. आधी भोंगा झाला. डोंगरापलीकडे रेल्वेच्या बोगद्याचं काम चाललंय, आणि दुपारी सुरुंग उडवायच्या आधी तिथले लोक भोंगा वाजवतात, हे आता आमच्या गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक झालंय. भोंगा ऐकला की ती ओट्याखाली शिरतात. मी मशीनवरचा पाय काढला आणि दिलीपच्या हातांकडे बघितलं. तोंडाकडे नाही. ते तुम्हीच शिकवलं होतंत. "तोंडावर काय बी आणता येतं गं. तू हातांकडं बघत जा."

तो ओसरीवर आमच्या मुलीच्या सायकलची साखळी बसवत होता. बोटं साखळीवर घट्ट आवळली गेली. मग धडाका झाला, पत्रे थरथरले, फळीवरची भांडी किणकिणली. हळूहळू त्याची बोटं सुटली. "गेला," तो म्हणाला आणि साखळीला तेल घालू लागला.

आणि मी सवयीने फोन उचलून तुम्हाला लावला. आपलं रोजचंच होतं ते. सुरुंग उडाला की मी फोन करायचा, "गेला, वहिनी" म्हणायचं, तुम्ही "बरं" म्हणून ठेवून द्यायचात. रिंग वाजायला लागली तेव्हा मी भानावर आले, पण तोवर गौतमभाऊंनी, तुमच्या नवऱ्याने, फोन उचलला होता. मला नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.

एका घराची भीती मला सवयीची होती, वहिनी. त्या दुपारपासून ती दोन घरांची झाली.

लोकांना वाटतं भीती रात्रीची असते. माझी भर उजेडातली. दिलीप नाईकाच्या हुद्द्यावरून फौजेतून निवृत्त होऊन आला तेव्हा त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. गावाने हार घातले, शाळेत झेंडावंदनाला बोलावलं. त्याच्या पुढची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत उडाली होती आणि तिच्यात त्याचे दोन जिवलग होते, हे मला फार नंतर कळलं, तेही तुमच्यामुळे. घरात एवढंच दिसायचं, की हा माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही. कुकरची शिट्टी झाली की जेवण टाकून बाहेर जातो. शेजारच्या बारशात फुगा फुटला तर मुलीला काखोटीला मारून धावत सुटतो. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. भगत आणला, कोंबडं दिलं. मी माझ्या आईला सांगून बघितलं तर ती म्हणाली, "देशासाठी लढलेल्या माणसाला भितेस? लोकं काय म्हनतील?" त्यानंतर मी सांगणं बंद केलं. विळी, कोयता, कुऱ्हाड तांदळाच्या पिंपामागे ठेवायला लागले आणि शिलाई मशीनचं तोंड दाराकडे फिरवून घेतलं.

मग बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. तेव्हा आम्हाला भोंग्याचा अर्थही माहीत नव्हता. दिलीपने मला आणि मुलीला दंडाला धरून खाटेखाली ढकललं, पिंपामागचा कोयता काढला आणि दारात जाऊन उभा राहिला. म्हणजे जागा त्याला ठाऊक होती. शेजारी जमले तेव्हा तो त्यांच्यावर हिंदीत ओरडायला लागला. घरात तो कधी हिंदी बोलला नव्हता. स्वतःच्या आईलाही त्याने अंगणात येऊ दिलं नाही. खाटेखालून मला फक्त त्याच्या टाचा दिसत होत्या आणि कोयत्याचं टोक. मुलीच्या तोंडावर मी हात दाबून धरला होता. तो आम्हाला वाचवतोय हे मला कळत होतं, वहिनी. पण आम्ही हललो तर त्याच्या डोळ्यांना आम्ही कोण दिसू, ते मला कळत नव्हतं.

कोणीतरी कर्जत स्टेशनच्या रिक्षास्टँडवर फोन केला. तिथे रिक्षा चालवणारा एक माजी हवालदार आहे एवढं लोकांना माहीत होतं. रिक्षा आली. फाटकाशी तुमचं हलकं बोलणं ऐकू आलं, "तुमी हितंच थांबा. दोन फौजी समोरासमोर नको." आणि तुम्ही एकट्या अंगणात आलात.

"नाईकसाहेब, मी हवालदार गौतम यांची मिसेस. भिवपुरीकडून आले. उन्हातून आले, घसा सुकलाय. पाणी मिळंल का?"

कोयता हलला नाही. तुम्ही परत तेच म्हणालात, तितक्याच आवाजात, तितक्याच शांतपणे. मग तिसऱ्यांदा. माझ्या डोळ्यांसमोरच्या टाचा वळल्या. दारात आलेल्या बाईला पाणी नाकारणं त्याला जमणारं नव्हतं, आणि एका हाताने तांब्या देणंही त्याच्या रीतीत बसणारं नव्हतं. त्याने कोयता उंबऱ्यावर ठेवला.

तुम्ही सगळा तांब्या प्यायलात, सावकाश, आणि आणखी मागितलंत. तो दुसऱ्यांदा आत वळला तेवढ्यात कोयता पायाने बाजूला सारून तुम्ही उंबऱ्यावर बसलात. "घरात कोन कोन हाय? बाहेर बोलवा की, बघू तरी." तेव्हा दिलीप स्वतः वाकला, खाटेखाली बघितलं आणि मराठीत म्हणाला, "ये बाहेर." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यांत मी होते.

त्यानंतर तुम्ही आमच्या घरात आलात आणि राहिलात, मुक्कामाला एकदाही न राहता.

दर रविवारी तुमच्या गावच्या बुद्धविहाराच्या पडवीत आम्ही यायला लागलो. तिथे कोणी कोणाला काही विचारत नसे. पहिल्या रविवारी मला तेच विचित्र वाटलं होतं. पुरुष गोल बसून वांगी चिरायचे, कांदे सोलायचे. बायका तांदूळ निवडायच्या. खोपोलीच्या शिळफाट्याहून एक कुबड्या घेतलेला जवान यायचा, माथेरानच्या पायथ्याकडून एक म्हातारे सुभेदार. एकत्र जेवायचं आणि घरी जायचं. सासूबाईंनी एकदा दिलीपला खोचून विचारलं, "तिकडं विहारात जेवतोस?" तो म्हणाला, "फौजेत एकाच लंगरात जेवलो ना आये. तवा कुठं विचारलंस?" कितीतरी महिन्यांत तो पहिल्यांदा आईशी पूर्ण वाक्य बोलला होता. म्हणून त्या वाक्याचा मलाही राग आला नाही आणि त्यांनाही.

पण डॉक्टरकडे यायला तो तयार होईना. मुंबईच्या फौजी दवाखान्यात मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत असं तुम्ही सांगितलंत, तर सुरी खाली टाकून उठला. "मी येडा नाय." तुम्ही काही बोलायच्या आत गौतमभाऊंनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, त्याच्यासमोर एक गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी पन नाय." दिलीपने ती पट्टी हातात घेऊन उलटीपालटी बघितली. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं मुंबईला गेलो.

गौतमभाऊही कधीकाळी तासन्‌तास न्हाणीची कडी लावून आत बसत, तुम्ही बाहेर पाट टाकून बसायचात आणि दाराशी एकट्याच बोलायचात, हे तुम्ही मला त्या प्रवासात सांगितलंत. "काय बोलायचात?" मी विचारलं. "कायबी. भाजीचा भाव. शेजारनीची भांडणं. आत मानूस जित्ता हाय नं, त्याला बाहेरचं कळाय नको?"

आपलं एकच भांडण होतं आणि ते मिटलं नाही. तुमचं म्हणणं, मी दिलीपला तोंडावर सांगावं की मला त्याची भीती वाटते. मी म्हणायची, मरेन पण सांगणार नाही. भिवपुरी स्टेशनकडे जाणाऱ्या बांधावरून चालताना आपण किती वेळा तेच तेच बोललो.

"तो हात सांभाळतोय गं. कशापायी सांभाळतोय ते त्याला कळू दे."

"कळलं तर तो घर सोडून जाईल, वहिनी. बायको-पोरगी आपल्याला भितात, हे ऐकून कुठला माणूस घरात राहील?"

"मग बस जन्मभर त्याच्या हातांकडं बघत!"

शेवटच्या रविवारीही तेच झालं. तुमचं अंग मोडून आलं होतं. लावणीच्या चिखलातून आठवडाभर राबून आलेला साधा ताप आहे, असं तुम्हाला वाटलं, आम्हालाही. "बरी झाले की भांडू," असं म्हणून तुम्ही हसलात. मग पिवळे डोळे, मग पनवेलचा दवाखाना, मग डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलेलं लेप्टो, चिखलपाण्यातून होणारं. मी पोचले तेव्हा तुमचा चेहरा झाकलेला होता. माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला ते सांगते. रडू नाही आलं. मनात आलं, आता सुरुंग उडाला तर मी कोणाला सांगू?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरून गेला होता. पांढऱ्या साडीतल्या बायका पडवीत मावत नव्हत्या. भन्तेजींनी गाथा म्हटल्या, लोक बोलायला उभे राहिले, तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. गौतमभाऊ तुमच्या फोटोशेजारी बसले होते, पाठ ताठ, तळवे मांड्यांवर. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते इतके मोकळे पडले होते की मला धडकी भरली. आवळलेले हात मला ओळखता येतात. तसे मोकळे हात मी आधी बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा पुण्याला परत गेला. नोकरीच तशी, त्याला दोष नाही. त्याच दुपारी पळसदरीचा एक दूधवाला आमच्या दारात सांगत आला, हवालदारांची रिक्षा धरणाच्या वाटेवर उभी आहे, चावी तशीच लावलेली, माणूस नाही.

दिलीपने स्कूटर काढली. मी मागे बसले. लावलेलं भात नुकतं रुजून हिरवं झालं होतं, धरण काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होतं. त्याचा आवाज लांबूनच यायला लागला. आणि मला आठवलं, सुरुंगाची वेळ झालीय. आज अजून भोंगा झालेला नाही. म्हणजे पुढे एक माणूस पाण्याच्या काठावर आणि त्याला आणायला मी कोणाला नेतेय? ज्याचे हात आवाज झाला की त्याचे राहत नाहीत, त्याला. मी त्याच्या सदऱ्याला इतकी घट्ट धरून होते की त्याने विचारलं, "काय झालं?"

"भ्या वाटतंय."

"हवालदारसाहेबांचं?"

"तुझं पन."

निघून गेलं तोंडातून. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे, तुमचा मान राखायला तर मुळीच नव्हे. स्कूटर थोडी डगमगली. त्याने ती सावरली. मग मान न वळवता म्हणाला, "मला पन वाटतं. माझंच." आणि मग, "तरी बसलीस नं मागं."

तो घर सोडून जाईल असं मी म्हणायची. तसं झालं नाही. सांगितलं की हलकं वाटेल असं तुम्ही म्हणायचात. तसंही झालं नाही, वहिनी. छातीवरचा धोंडा आम्ही दोघांनी मिळून धरला, एवढंच. हे घेऊन भांडायला मला आता तुम्ही हव्या होतात.

गौतमभाऊ बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला, दगडी कडेवर उभे होते. चपला मागे काढून ठेवलेल्या. दिलीपने मला खूण करून थांबवलं आणि एकटा पुढे गेला. "हवालदारसाहेब," त्याने हाक दिली. ते वळले नाहीत. तो आणखी जवळ गेला. आणि तेव्हाच भोंगा झाला.

मला ओरडायचं होतं. दिलीप थबकला, त्याच्या पाठीचा कणा ताठ झालेला मला लांबूनही दिसला. भोंगा संपला. मधली ती शांतता, नुसता पाण्याचा आवाज. मग डोंगरात धडाका झाला आणि दिलीपने झेप घेतली. तीच झेप, जिला मी इतकी वर्षं भीत आले. त्याने गौतमभाऊंना कमरेला धरून मागे ओढलं, बांधावर पाडलं आणि स्वतः त्यांच्यावर पालथा पडला, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी झाकून.

मी धावले. दोघे गवतात पडलेले. दिलीप डोळे मिटून हिंदीत पुटपुटत होता, "नीचे रहो, नीचे रहो." त्याच्याखालून गौतमभाऊंचा दबलेला आवाज आला. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले शब्द.

"उठ रं. दाबून मारशील."

मी हसायला लागले. मग ते हसणं कुठे गेलं मला कळलं नाही, आम्ही तिघंही रडत होतो. तुमचं नाव घेऊन गौतमभाऊ असे रडले की धरणाच्या खालच्या शेतातली माणसं वर बघायला लागली. तिथे ते कशाला गेले होते, हे मी विचारलं नाही. दिलीपनेही नाही. आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. महिना होईल, अजून ते आमच्याकडेच आहेत. मुंबईच्या डॉक्टरांकडे दोघे मिळून जाऊन आले. सकाळी ते न्हाणीत फार वेळ लावतात तेव्हा दिलीप बाहेर उभा राहून त्यांना पावसाबद्दल, क्रिकेटबद्दल काहीबाही सांगत असतो. मी चहा उकळत ऐकते. आतून कधी हूं येतं, कधी येत नाही. येत नाही तेव्हा माझा हात थांबतो.

तुमचा फोन गौतमभाऊंनी इकडेच आणलाय; परवा त्यावर एका बाईचा फोन आला, मी उचलला. खालापूरच्या बाजूची. आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. नवरा सीमेवरून पाय गमावून घरी आलाय, तीन दिवस जेवलेला नाही, जवळ गेलं की हातात येईल ते फेकतो. "रत्नावहिनी येतील का?" तिला तुमचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. तरी तिने फोन ठेवला नाही. मग माझ्याच तोंडून निघालं, "मी येते."

गौतमभाऊंनी रिक्षा काढली, धरणावरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा. त्या घराच्या अलीकडे, आंब्याखाली, त्यांनी इंजिन बंद केलं. मी उतरायला लागले तर म्हणाले, "बसा. लगेच नका उतरू. ती पन थांबायची."

"कोण?"

"रत्ना. कुठं बी जायचं असलं की आधी थांबायची. पाय लटपटायचे तिचे. तुमच्याकडं पयल्यांदा आलो तवा फाटकाच्या आधी मला म्हनली, मला धरा, मी पडंन. मी म्हनलं, चल माघारी. तर म्हनली, नको, जरा बसू द्या."

वहिनी, तुम्ही हे मला एकदाही का सांगितलं नाहीत? स्टेशनकडच्या बांधावरून इतक्या वेळा चाललो. दिलीपला सांग, दिलीपला सांग, म्हणून माझ्यामागे लागलात, आणि स्वतःचं? मला तिथे रिक्षात तुमचा राग आला, खरोखरचा, तुम्ही समोर असता तर मी हात झटकून बोलले असते. आणि त्या रागातच मला तुमची इतकी आठवण आली की गौतमभाऊंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मग मी उतरले. दाराशी विशी-बाविशीची पोर उभी होती, कपाळावर टेंगूळ, एक हात कडीवर. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघीही दचकलो. तिने मला दचकताना पाहिलं.

"तुमाला भ्या नाय वाटत?" तिने विचारलं.

"वाटतं गं," मी म्हणाले. "आत्ता बी वाटतंय."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने कडी काढली आणि मला वाट द्यायला बाजूला सरकली.